झटका मशीन भर दुपारी बंद, रात्री आपोआप चालू: एससीआर बदलून बदलून दमला असाल तर हे वाचा

आमच्याकडं वाशीम भागात उन्हाळी भुईमूग लावला की डुकरं आणि रोही रात्रभर शेतात, त्यामुळं एप्रिल-मे मधे माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर झटका मशीनच (शेताभोवतीच्या तारेला झटका देणारी) जास्त असतात. त्यातली एक तक्रार दरवर्षी येते, आणि मी स्वतः दोन सीझन त्यात चुकीचा पार्ट बदलत बसलो होतो म्हणून सविस्तर लिहितोय.

तक्रार अशी. मशीन सकाळी मस्त टिकटिक करतं, दुपारी बारा-एकच्या सुमारास गप्प, लाइट चालू असतो पण ठोका नाही. रात्री आठ-नऊ नंतर कधीतरी स्वतःहूनच परत सुरू होतं, आणि कधी होतच नाही कारण तोवर बॅटरी बसलेली असते. दुकानात नेलं की तिथं एकदम बरोबर चालतं. शेजारच्या गावचे एक काका मशीन घेऊन तिसऱ्यांदा आले तेव्हा अगदी रडकुंडीला आले होते, म्हणाले, "भाऊ, तुमच्या टेबलावर हे बरोबर चालते, माझ्या धुऱ्यावर नेलं का मरते. असं काहून होते?" एक नवी बॅटरी त्यांनी आधीच घेतली होती, दुसऱ्या एका दुकानात त्यांना बॅटरी खराब आहे सांगितलेलं. आणि मी दोनदा एससीआर (ठोका सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बदलला होता त्याचेही पैसे त्यांनी दिले होते.

आधी मशीन करतं काय ते थोडक्यात, कारण हे डोक्यात बसलं नाही तर पुढचं कळणार नाही. १२ व्होल्टची बॅटरी, त्यावर छोटा इन्व्हर्टर, तो ४०० व्होल्ट डीसी बनवतो. ते ४०० व्होल्ट आधी एका छोट्या १ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर जमा होतात, तिथून २२ के (२२ हजार ओहम) च्या पांढऱ्या ५ वॅट रेझिस्टरमधून मोठ्या २५ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधे हळूहळू भरतात. सव्वा सेकंदाच्या आसपास तो ३५० व्होल्टपर्यंत भरतो, म्हणजे साधारण दीड जूल. मग एससीआरच्या गेटला, म्हणजे चालू करायच्या पायाला, पल्स मिळाला की एससीआर उघडतो, तो सगळा साठा एकदम एचटी (व्होल्टेज वाढवणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत ओततो आणि सेकंडरीला हजारो व्होल्टचा ठोका येतो. विहिरीची मोटर बारीक धारेनं टाकी भरते आणि आपण एकदम मोठा वॉल्व्ह उघडतो तसंच. बॅटरीकडून सरासरी चार-साडेचार वॅट घेतात, पण तेच मिलीसेकंदाच्या हिशोबात ओतल्यामुळं त्या क्षणाला दीड-दोन किलोवॅटची ताकद होते.

आता एससीआरची एक सवय सगळ्यांना माहीत असते पण रिपेअरच्या वेळी विसरायला होतं. तो गेटनं चालू होतो, गेटनं बंद होत नाही. त्याच्यातून जाणारा करंट एका ठरावीक आकड्याच्या खाली गेला तरच तो सुटतो, त्याला होल्डिंग करंट म्हणतात. ह्या मशीनमधल्या बीटी-१५१ एससीआरला हा आकडा साधारण ७ मिलिअॅम्पिअर असतो, पीस-पीस प्रमाणे कमी-जास्त होतो, डेटाशीटमधे कमाल २० दिलेला आहे. इथंच सगळी गोम आहे. मोठा कंडेन्सर रिकामा झाल्यावर इन्व्हर्टर तर चालूच आहे, ४०० व्होल्ट भागिले २२ के म्हणजे १८ मिलिअॅम्पिअर त्या रेझिस्टरमधून येतच राहणार, आणि १८ म्हणजे ७ पेक्षा कितीतरी जास्त. मग एससीआर सुटेल कसा? सुटणारच नाही. म्हणून मशीन बनवणारा एक युक्ती करतो, ठोका मारायच्या क्षणी इन्व्हर्टरला पण थोडा वेळ थांबवतो. माझ्याकडं आलेल्या कार्डांवर (सर्किट बोर्डांवर) इन्व्हर्टर चालवणारी एसजी-३५२५ आयसी असते, तिचा दहा नंबरचा पाय शटडाउनचा, तो वर ओढला की आउटपुट बंद. ५५५ ने (ठोक्याची वेळ ठरवणारी टायमर आयसी) ठोका दिला की त्याच पल्सनं एक छोटा ट्रान्झिस्टर हा पाय ओढून धरतो, आणि किती वेळ धरायचं ते एक १० के रेझिस्टर आणि एक ४.७ मायक्रोफॅरडचा छोटा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर ठरवतात. नवीन असताना हा वेळ साधारण ५० मिलीसेकंद.

त्या ५० मिलीसेकंदात काय होतं बघा. इन्व्हर्टर थांबला तरी त्या छोट्या १ मायक्रोफॅरडमधे ४०० व्होल्ट शिल्लक आहेत, ते २२ के मधून उतरतात. टाइम कॉन्स्टंट, म्हणजे करंट साधारण एक-तृतीयांशावर यायला लागणारा वेळ, २२ मिलीसेकंद. म्हणजे १८ चा करंट ५० मिलीसेकंदानंतर २ च्याही खाली येतो, एससीआर निवांत सुटतो, इन्व्हर्टर परत चालू, कंडेन्सर परत भरायला लागतो. हेच सव्वा सेकंदाला एकदा, रात्रंदिवस.

आता तो ४.७ वाला बारीक इलेक्ट्रोलिटिक वाळला असं धरा. काकांच्या मशीनमधून काढून मीटरवर लावला तर २.३ दाखवला. म्हणजे थांबण्याचा वेळ ५० वरून २४-२५ मिलीसेकंदावर आला. २५ मिलीसेकंदानंतर एससीआरमधला करंट किती उरतो? साधारण ५.८ मिलिअॅम्पिअर. सकाळी एससीआर थंड आहे, त्याला धरून राहायला ७ लागतात, ५.८ आहेत, सुटला. दुपारी पत्र्याच्या डब्यात एससीआर तापला आणि तापलेल्या एससीआरचा होल्डिंग करंट कमी होतो, ७ चा ५ वर आला, आता ५.८ त्याला पुरतात. धरून बसला. २५ मिलीसेकंद संपले, इन्व्हर्टर चालू झाला, परत १८ मिलिअॅम्पिअर, आणि आता कंडेन्सर कधी भरतच नाही कारण जे येतं ते सगळं एससीआरमधून खाली जातंय. ५५५ बिचारा दर सव्वा सेकंदाला ठोका देतो, ओतायला काही नाहीच. रात्री डबा थंड झाला की होल्डिंग करंट परत वर चढतो आणि इन्व्हर्टर पुढच्या वेळी थांबला की एससीआर सुटतो. म्हणून रात्री आपोआप चालू.

आणि माझ्या टेबलावर पंख्याखाली ते कधीच बंद पडणार नाही, दोन दिवस ठेवलं तरी नाही.

एससीआर बदलला की काही दिवस का बरं चालतं, हा प्रश्न मला खूप दिवस छळत होता. उत्तर एवढंच की नवीन पीसचा होल्डिंग करंट योगायोगानं ८ किंवा ९ निघाला तर ५.८ चं गणित दुपारीही जमतं. मग तो इलेक्ट्रोलिटिक अजून थोडा वाळतो आणि तीन आठवड्यांत मशीन परत दारात. मला वाटायचं एससीआरचा माल हलका येतोय. माल चांगला होता. काढलेले दोन्ही एससीआर मी नंतर तपासले, दोन्ही एकदम धडधाकट. काकांचे ते पैसे मी परत केले.

बॅटरीचं पण ह्यातूनच कळतं. मशीन नीट चालू असताना १२ व्होल्टवर सरासरी पाऊण अॅम्पिअरच्या निम्म्याच्याही खाली, ०.३५ च्या आसपास घेतं. एससीआर अडकला की २२ के वर सलग ४०० व्होल्ट, म्हणजे सात वॅट नुसते त्या रेझिस्टरमधे जळतात आणि बॅटरीकडून ०.९ अॅम्पिअरच्या जवळपास ओढलं जातं. दिवसभर सोलर प्लेट जे देते ते सगळं हा रेझिस्टर खातो, ७ एएच च्या बॅटरीत रात्रीसाठी काही उरत नाही. शेतकरी म्हणतो बॅटरी टिकत नाही, दुकानदार नवी बॅटरी देतो, आणि मूळ कारण असतं दोन-तीन रुपयांचा कंडेन्सर.

आता ओळखायचं कसं. डबा उघडल्या उघडल्या आधी तो पांढरा ५ वॅटचा रेझिस्टर बघा. त्याच्याखाली कार्ड तपकिरी झालंय का, करपल्यासारखा वास येतोय का. नीट चालणाऱ्या मशीनमधे त्याच्यात दीड वॅटच्या आसपास जातात, कोमट लागतो एवढंच. तपकिरी डाग दिसला म्हणजे हे मशीन बऱ्याचदा अडकून राहिलेलं आहे हे जवळपास नक्की. काकांच्या कार्डावर रुपयाच्या नाण्याएवढा काळपट गोल होता आणि मी दोन वेळा त्याच्याकडं बघून जुनं मशीन आहे, असायचंच, असं म्हणून सोडून दिलं होतं.

पण थांबा, हात घालायच्या आधी. मोठा कंडेन्सर ३५०-४०० व्होल्टला भरलेला असू शकतो, मशीन बंद असलं तरी, आणि टिकटिक बंद आहे म्हणजे तो रिकामा आहे असं धरून चालू नका. बॅटरी काढा, मग १ के १० वॅटचा रेझिस्टर दोन्ही टोकांना इन्सुलेटेड वायर लावून तयार ठेवलेला असू द्या, तो कंडेन्सरवर धरा, मग मीटर लावून शून्य बघा, तेव्हाच बोट. स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करणारे खूप आहेत, त्यात कंडेन्सरचे आतले जोड उखडतात आणि ठिणगी डोळ्यात जाते ते वेगळं. तो १ मायक्रोफॅरडचा छोटा पण ४०० व्होल्टचाच आहे, त्याला विसरू नका.

मग गरम करून बघायची टेस्ट. आउटपुटला काहीतरी लोड पाहिजे, मोकळं चालवू नका, आत ट्रान्सफॉर्मरमधेच स्पार्क होऊ शकतो. मी १०० ओहम १० वॅटचे पाच वायरवाउंड सिरीजमधे लावून एका लाकडी फळीवर ठेवलेत. बॅटरीच्या प्लस वायरमधे मीटर १० अॅम्पिअरच्या रेंजवर टाका, काट्याचा मीटर असेल तर उत्तम, कारण काटा प्रत्येक ठोक्याला डोलतो आणि ते डोलणंच आपल्याला बघायचंय. डब्याचं झाकण लावून हेअर ड्रायरनं हळूहळू तापवा, आत थर्मामीटरची वायर सोडा. ६०-६५ डिग्रीपर्यंत न्यायचं, त्याच्या वर नाही. दुपारी धुऱ्यावरच्या डब्यात मी ६३ मोजलेत म्हणून हा आकडा. टिकटिक थांबली आणि काटा डोलायचा थांबून ०.९ च्या आसपास स्थिर झाला तर एससीआर अडकलाय. टिकटिक थांबली पण काटा खाली पडला, ०.१ वगैरे, तर ही केस वेगळी, तुमचा इन्व्हर्टर किंवा ५५५ चा भागच झोपतोय, तिकडं बघा.

काका समोर बसले होते तेव्हा मी हेच केलं. ५८ डिग्रीला टिकटिक थांबली, काटा ०.८८ वर जाऊन चिकटला. काका खुर्चीतून उठले, "हेच! अस्संच होते!" मग मी ओला कापूस चिमट्यात धरून एससीआरच्या हीट सिंकला टेकवला, धातूच्या पट्टीला हात न लावता, आणि दहा-बारा सेकंदात टक करून ठोका आला. इथं कुणीही म्हणेल एससीआरच खराब, तोच तापल्यावर बिघडतोय. मी पण आधी असंच म्हणलो होतो. पण नवाकोरा एससीआर टाकून तीच टेस्ट केली तर तो ६१ ला अडकला. मग मात्र मला कळलं की दोष धरून बसणाऱ्याचा नाही, त्याला सुटायला वेळ मिळत नाहीये.

आता निर्णायक टेस्ट, आणि ही ऑसिलोस्कोप नसलेल्यासाठी आहे. मशीन बंद, डिस्चार्ज, आणि स्टॉप टाइमवाल्या त्या बारीक इलेक्ट्रोलिटिकच्या पायांवर खालच्या बाजूनं एक चांगला ४.७ मायक्रोफॅरड प्लस-मायनस बघून तात्पुरता सोल्डर करा. जुना काढायची पण गरज नाही. परत चालू करून तापवा. ६५ पर्यंत नेऊनही टिकटिक चालू राहिली तर चोर सापडला. काकांच्या मशीनचा एक ठोका चुकला नाही.

हा कंडेन्सर सापडत नसेल तर शटडाउनच्या पायापासून ट्रॅक मागं मागं शोधत जा, ट्रान्झिस्टर लागेल, त्याच्या बेसच्या बाजूला हा असतो. बऱ्याच कार्डांवर तो नेमका त्या पांढऱ्या रेझिस्टरला खेटून बसवलेला असतो, एक सेंटिमीटरवर, म्हणूनच तो बाकीच्यांच्या आधी वाळतो. आणि एकदा मशीन अडकायला लागलं की रेझिस्टर सात वॅटनं तापतो, शेजारचा कंडेन्सर अजून जोरात वाळतो, मशीन अजून लवकर अडकतं. असं ते दुष्टचक्र आहे. मला ह्या डिझाइनचा खरंच राग येतो, कारण हे मशीन घेणारा माणूस पीक वाचवायला पै-पै जमवून घेतो आणि कार्डावर जागा भरपूर रिकामी असताना नेमकं हे दोन पार्ट शेजारी.

बदलताना ८५ डिग्रीवाला टाकू नका, १०५ लिहिलेला घ्या, ५० व्होल्टचा. आणि पायांना थोडी वायर जोडून रेझिस्टरपासून लांब आडवा बसवा, सिलिकॉन लावून चिकटवा. मी सोबत १० के च्या जागी १५ के पण टाकतो, म्हणजे स्टॉप टाइम ७० मिलीसेकंदावर जातो, एससीआरमधला करंट पाऊण मिलिअॅम्पिअरपर्यंत उतरतो आणि पुढं कंडेन्सर थोडाफार वाळला तरी हाताशी जागा राहते. भरायच्या वेळेत २० मिलीसेकंद कमी झाले तर ठोक्याच्या ताकदीत काही फरक कळत नाही. पांढरा रेझिस्टर पण नवा टाकून कार्डापासून अर्धा सेंटिमीटर वर उचलून लावा.

नुसता तो कंडेन्सर बदलल्यावर जे मशीन तरीही अडकलं ते एकच आलं होतं. त्याच्यात १ मायक्रोफॅरडच्या जागी कुणीतरी २.२ टाकलेला, झटका वाढेल म्हणून. झटका काही वाढला नव्हता, ताकद मोठ्या कंडेन्सरमधून येते, पण टाइम कॉन्स्टंट २२ चा ४८ झाला आणि पूर्ण ५० मिलीसेकंद थांबूनही करंट सहाच्या वरच राहायचा. परत १ टाकला, मिटलं. तसंच बीटी-१५१ मिळाला नाही म्हणून सेन्सिटिव्ह गेटचा एससीआर टाकणारे आहेत, त्यांचा होल्डिंग करंट मुळातच फार कमी असतो, तो थंडीतही अडकेल. पाय जुळले, व्होल्ट जुळले म्हणून टाकू नका.

ह्या सगळ्यात एक गोष्ट नीट वेगळी करा. टिकटिक चालू आहे आणि तारेला झटका नाही, ही तक्रार ह्या पोस्टची नाही. तिथं कार्ड उघडायच्या आधी गवत, फुटलेले इन्सुलेटर, गंजलेले जोड आणि अर्थिंग बघा. उन्हाळ्यात जमीन वाळली की एका सळईचं अर्थिंग काही कामाचं नाही, मीटर-दीड मीटरच्या तीन सळया अंतर ठेवून ठोकायच्या आणि मशीनची अर्थ वायर तिघींना जोडायची, आठवड्यातून दोनदा पाणी ओतायचं. मशीनची वायर तारेपासून काढून नुसत्या आउटपुटला टेस्टर लावला आणि तिथं भरपूर दिसलं तर मशीन बरं आहे, तार आजारी आहे.

आणि कृपा करून, मशीन सारखं बंद पडतं म्हणून वैतागून कुणी घरची २३० व्होल्टची लाइन सरळ तारेला जोडू नका. आपल्याच भागात त्यानं माणसं गेलीत, राखणीला गेलेली घरचीच माणसं. झटका मशीनचा ठोका मिलीसेकंदात संपतो आणि मधे सेकंदभर करंटच नसतो म्हणून माणूस किंवा जनावर हात सोडवून मागं होऊ शकतं, घरची लाइन सोडत नाही. ह्या मशीनसाठी जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यात दोन ठोक्यांत कमीत कमी १ सेकंद आणि ५०० ओहमच्या लोडवर जास्तीत जास्त ५ जूल असं आहे, त्यामुळं ५५५ चा रेझिस्टर बदलून ठोके जवळ आणून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला मी सरळ नाही म्हणतो, तुम्हीही म्हणा.

दुरुस्ती झाली की लगेच देऊ नका. मी आता प्रत्येक मशीन दुकानाच्या पत्र्यावर बारा ते तीन उन्हात ठेवतो, बॅटरी आणि लोडच्या फळीसकट, आणि अर्ध्या तासानं मीटर बघतो. काकांना डबा बांधावरच्या निंबाखाली हलवायला लावला आणि वर बोटभर फट ठेवून दुसरा पत्रा टाकायला सांगितला, तर आतलं तापमान ६३ वरून ५० च्या आत आलं. भुईमूग निघेपर्यंत मशीन परत आलं नाही, काका मात्र शेंगा घेऊन आले होते.

तुमच्या कार्डावर ३५२५ आणि ५५५ ऐवजी एकच छोटा मायक्रोकंट्रोलर असेल तर स्टॉप टाइम प्रोग्रॅममधे असतो, तो वाळत नाही. त्यात हेच लक्षण आलं तर आधी एससीआरच्या गेट आणि कॅथोडमधला १ के चा रेझिस्टर उघडा झालाय का ते मोजा, मग त्या १ मायक्रोफॅरडची व्हॅल्यू बघा. अशा कार्डावर अजून दुसरं काही कारण कुणाला सापडलं असेल तर कोणता पार्ट, किती डिग्रीला अडकलं आणि अडकल्यावर बॅटरीचा करंट किती होता, एवढं तिन्ही लिहा, नुसतं दुपारी बंद पडतं एवढ्यावरून काही सांगता येत नाही.